वाचक विचारतात : अकरा क्रमांकाचा अनवाणी धावपटू

‘१० सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिला या धावपटूने अनवाणी धावून जिंकली,’ एवढी एकच ओळ गेल्या अंकातील दिनविशेषात छापली होती. त्या ओळीवर शाळकरी वाचकांची, आणि त्यांच्या आडून काही पालकांचीही, इतकी पत्रे आली की या महिन्याचे सदर त्या एकाच शर्यतीला द्यायचे ठरवले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून काहींची भाषा थोडी नीट केली आहे.

प्रश्न : अबेबे बिकिला इतका गरीब होता का, की त्याच्याकडे बूट घ्यायलाही पैसे नव्हते? (हा प्रश्न सर्वांत जास्त पत्रांत होता.)

नाही. ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून आधी तीच दूर करू. अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी इथिओपियाच्या शेवा प्रांतातील जातो या खेड्यात, गुरे-मेंढ्या राखणाऱ्या कुटुंबात झाला आणि त्याचे बालपण हलाखीचे होते, हे खरे आहे. परंतु रोमला गेला तेव्हा तो सम्राट हैले सेलासी यांच्या शाही अंगरक्षक दलातील सैनिक होता, त्याला पगार मिळत होता, राष्ट्रीय संघात त्याची रीतसर निवड झाली होती आणि त्याच्यासोबत प्रशिक्षकही होते. रोममध्ये त्याने नवे बूट घेतलेसुद्धा. ते पायाला नीट बसेनात आणि त्यांनी फोड येऊ लागले. मॅरेथॉनमध्ये फोड ही किरकोळ गोष्ट नसते, कारण पहिल्या पाच किलोमीटरांत जे नुसते टोचते ते तिसाव्या किलोमीटरला माणसाला लंगडायला लावते. लहानपणापासून अनवाणी चालण्या-धावण्याची सवय असलेल्या अबेबेने आणि त्याच्या प्रशिक्षकांनी सरळ हिशेब केला की न बसणाऱ्या बुटांपेक्षा ओळखीचे तळवे बरे.

गरीब, अनोळखी, बूट नसलेला मुलगा एके दिवशी धावतो आणि जग जिंकतो, अशी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ऐकायला ती छान वाटते, पण तशी सांगितली की त्या माणसाची अनेक वर्षांची मेहनत तिच्यातून गळून पडते, आणि मला तो अन्याय वाटतो.

प्रश्न : मॅरेथॉनचे अंतर नेमके किती असते? त्या दिवशी तो किती वेगाने धावला? (इयत्ता पाचवीतील वाचक)

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. अबेबेने ते २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत पार केले, म्हणजे ताशी सुमारे पावणेएकोणीस किलोमीटर वेगाने. या आकड्यावरून कल्पना येत नसेल तर असे करून पाहा : मैदानावर शंभर मीटर अंतर मोजून घ्या आणि ते १९ सेकंदांत धावा. तुमच्यापैकी पुष्कळांना ते जमेल. अबेबेने तेच, मध्ये न थांबता, जवळजवळ ४२२ वेळा केले.

प्रश्न : तो मूळ संघात नव्हता, दुसऱ्या खेळाडूला दुखापत झाली म्हणून ऐनवेळी त्याला नेले, असे मी वाचले आहे. ते खरे आहे का? आणि त्याला कोणीच कसे ओळखत नव्हते?

ऐनवेळच्या बदलीची गोष्ट अनेक ठिकाणी छापलेली आढळते. वामी बिराटू हा त्या काळातील इथिओपियाचा आघाडीचा धावपटू होता आणि तो रोमच्या मॅरेथॉनमध्ये धावला नाही, एवढे खरे. मात्र त्यामुळे अबेबेला जागा चुकून मिळाली असा अर्थ काढणे बरोबर नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अदिस अबाबा येथे झालेल्या मॅरेथॉनमध्ये तो पहिला आला होता आणि त्याची वेळ २ तास २१ मिनिटांच्या आसपास होती. तेव्हाचा ऑलिम्पिक विक्रम एमिल झाटोपेक या महान चेक धावपटूचा होता, १९५२ सालचा, २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांचा. म्हणजे रोमच्या विमानात बसण्यापूर्वीच, आणि तेही समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत, अबेबे ऑलिम्पिक विक्रमापेक्षा वेगाने धावून दाखवत होता.

हे आकडे पाहिलेल्या माणसाला त्याच्या विजयाचे फारसे आश्चर्य वाटायला नको होते. प्रश्न असा, की ते पाहिले कोणी होते? इथिओपियाने ऑलिम्पिकमध्ये पहिला संघ पाठवला तो १९५६ मध्ये मेलबर्नला, आणि तेथे त्या देशाला एकही पदक मिळाले नव्हते. अबेबे परदेशातील कोणत्याही मोठ्या शर्यतीत धावलेला नव्हता. युरोपातील पत्रकारांपैकी ज्यांच्या कानावर ती वेळ गेली असेल, त्यांनी घड्याळ चुकले असेल किंवा रस्ता आखूड मोजला असेल असे म्हटले असते तरी नवल नव्हते. विजय अनपेक्षित होता तो बघणाऱ्यांना. तो घडवणाऱ्यांसाठी त्यात आश्चर्याचा भाग बराच कमी होता.

त्या घडवणाऱ्यांमध्ये एक नाव ओनी निस्कानेन यांचे. फिनलंडमध्ये जन्मलेले, स्वीडनचे नागरिक असलेले हे गृहस्थ १९४० च्या दशकात इथिओपियात आले आणि तेथील सैनिकांना व खेळाडूंना शिकवू लागले. वेगाने धावणे आणि सावकाश धावणे यांची आलटून पालटून रचना, चढावरील सराव, लांब पल्ल्याची धाव अशी शिस्तशीर पद्धत त्यांनी बसवली. अंगरक्षक दलातील हा सडपातळ, अबोल सैनिक धावताना अंग जराही हिंदकळू देत नाही, ही गोष्ट त्यांच्या लवकर लक्षात आली होती.

प्रश्न : प्रत्यक्ष शर्यतीत काय काय झाले, ते सविस्तर सांगाल का? (इयत्ता सातवीतील वाचक)

सांगतो, या प्रश्नासाठी जागा राखूनच ठेवली होती.

रोमच्या उन्हाळी उकाड्यामुळे आयोजकांनी ही शर्यत संध्याकाळी साडेपाच वाजता सुरू केली. त्याआधीच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनचा शेवट स्टेडियममध्ये होत असे. रोममध्ये मात्र सुरुवात आणि शेवट दोन्ही स्टेडियमबाहेर, शहराच्या प्राचीन भागात ठेवले होते. मायकेलअँजेलोने आखलेल्या कॅपिटोलाइन टेकडीवरील चौकाच्या पायऱ्यांपाशी धावपटू जमले. तेथून दक्षिणेकडे रुंद आधुनिक रस्त्याने शहराबाहेर जायचे, वळसा घ्यायचा आणि ‘व्हिया आप्पिया’ या दोन हजार वर्षांहून जुन्या रोमन रस्त्याने परत येऊन कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली शर्यत संपवायची, असा मार्ग होता. ६९ धावपटू सुटले, त्यांत एक अनवाणी होता. त्याच्या छातीवर ११ हा क्रमांक होता.

सर्वांचे लक्ष होते सोव्हिएत संघाच्या सर्गेई पोपोवकडे. जगातील सर्वांत वेगवान मॅरेथॉन त्याच्या नावावर होती : १९५८ मध्ये स्टॉकहोम येथे नोंदवलेली २ तास १५ मिनिटे १७ सेकंद ही वेळ. निस्कानेन यांनी मात्र अबेबेला आणखी एका माणसावर नजर ठेवायला सांगितले होते. तो मोरोक्कोचा रादी बेन अब्देसलाम. त्या वर्षीची आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्री शर्यत रादीने जिंकली होती. त्याचा क्रमांक २६ असेल, एवढी खूण अबेबेला दिलेली होती.

येथे या शर्यतीतला सर्वांत गमतीचा भाग सुरू होतो. रादी दोनच दिवसांपूर्वी दहा हजार मीटरच्या शर्यतीत धावला होता. मॅरेथॉनसाठी दिलेला नवा क्रमांक त्याने लावलाच नाही. आधीच्या शर्यतीतला १८५ क्रमांकच त्याच्या छातीवर राहिला. अबेबेला हे कसे कळणार? सुरुवातीला ब्रिटन आणि बेल्जियमचे धावपटू आघाडीवर होते. हळूहळू तो गट विरत गेला आणि निम्मे अंतर होण्याच्या सुमारास पुढे दोघेच उरले, ११ आणि १८५. तुमच्याआमच्यासारखा माणूस अशा वेळी ‘आता आपण पहिल्या दोघांत आहोत’ म्हणून सुखावला असता. अबेबेच्या हिशेबात मात्र २६ क्रमांकाचा माणूस अजून दिसलेलाच नव्हता. त्या अर्थी तो पुढेच कोठेतरी धावत असणार. ज्याला गाठायचे तो खांद्याला खांदा लावून शेजारीच धावत आहे आणि आपण मात्र अंधारात पुढे पुढे त्याला शोधत आहोत, अशा अवस्थेत त्याने कित्येक किलोमीटर अंतर तोडले. त्या गैरसमजाने त्याचे नुकसान झाले नाही. उलट, वेग कमी करावा असे वाटण्याचा एकही क्षण त्याला मिळाला नाही.

दरम्यान सूर्य मावळला. व्हिया आप्पियावर दिवे नव्हते. दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर इटालियन सैनिक पेटत्या मशाली घेऊन उभे होते आणि त्यांच्या उजेडात धावपटूंना वाट दिसत होती. या रस्त्याच्या जुन्या भागात काळ्या दगडांची ओबडधोबड फरसबंदी आहे. अशा दगडांवर अनवाणी पाय पडतानाचे विचार आपल्याला कासावीस करतात, पण छायाचित्रांत पाहावे तर अबेबेचा चेहरा शांत आहे, मान स्थिर आहे आणि खांदे सैल आहेत. रादी बाजूलाच आहे आणि दोघांमध्ये काही बोलणे चालले असावे असे कोठेही दिसत नाही.

शेवटचा एक-दीड किलोमीटर उरला तेव्हाही दोघे बरोबरच होते. मग पोर्ता कापेना या चौकाच्या परिसरात, एका उंच दगडी स्तंभाजवळून जाताना अबेबेने वेग वाढवला. त्या स्तंभाविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. रादीकडे त्या झेपेला उत्तर उरले नव्हते. अखेरच्या पाचशे मीटरांत अंतर पडत गेले आणि अबेबेने कमानीखालची रेषा २५ सेकंद आधी ओलांडली. त्या वेगाचा हिशेब केला तर रादी सुमारे १३० मीटर मागे होता. तिसरा आलेला न्यूझीलंडचा बॅरी मॅगी आणखी दीड मिनिटाहून अधिक मागे होता. विश्वविक्रमवीर पोपोव पाचवा आला. अबेबेचाच संघसहकारी अबेबे वाकगिरा सातवा आला. (दोघांचीही पहिली नावे सारखी आहेत. इथिओपियात आडनाव नसते. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात. म्हणून या सदरात आपल्या नायकाला ‘बिकिला’ न म्हणता ‘अबेबे’ म्हटले आहे.)

आता घड्याळाकडे पाहा. झाटोपेकचा ऑलिम्पिक विक्रम जवळजवळ आठ मिनिटांनी मोडला गेला होता. आणि पोपोवची २ तास १५ मिनिटे १७ सेकंद ही वेळ? तीही गेली, अवघ्या आठ दशांश सेकंदाने. सव्वादोन तास धावल्यानंतर एका सेकंदाहूनही कमी फरकाने जगातील सर्वोत्तम वेळ आपल्या नावावर होणे, याला नशिबाची साथ म्हणता येईल. पण शेवटचे पाचशे मीटर जीव तोडून धावलेल्या माणसालाच तसले नशीब लाभते.

प्रश्न : तो स्तंभ कसला होता? त्याचा आणि अबेबेचा काय संबंध?

तो स्तंभ इथिओपियाचा होता. उत्तर इथिओपियातील अक्सुम ही एका प्राचीन राज्याची राजधानी. तेथे चौथ्या शतकात उभारलेल्या प्रचंड दगडी स्तंभांपैकी हा एक, सुमारे २४ मीटर उंचीचा आणि दीडशे टनांहून अधिक वजनाचा. तो रोममध्ये कसा आला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८९६ च्या मार्च महिन्यात इथिओपियाने आडवाच्या लढाईत इटलीच्या सैन्याचा पराभव केला आणि युरोपीय सत्ता जवळजवळ सगळा आफ्रिका खंड वाटून घेत असताना आपले स्वातंत्र्य राखले. (त्यानंतर काही आठवड्यांतच अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिम्पिक भरले आणि त्यात पहिली मॅरेथॉन धावली गेली. हा केवळ योगायोग आहे, पण सांगितल्याशिवाय राहवले नाही.) चाळीस वर्षांनी मुसोलिनीच्या इटलीने त्या पराभवाचा सूड घ्यायचे ठरवले. ऑक्टोबर १९३५ मध्ये आक्रमण झाले, विषारी वायूचाही वापर झाला आणि मे १९३६ मध्ये अदिस अबाबा इटलीच्या ताब्यात गेले. सम्राटांना देश सोडावा लागला. अबेबे तेव्हा तीन-चार वर्षांचा होता आणि युद्धामुळे त्याच्या कुटुंबालाही घर सोडून दूरच्या गावी जावे लागले. विजयाची निशाणी म्हणून इटलीने १९३७ मध्ये अक्सुमचा हा स्तंभ रोमला नेला आणि आपल्या आफ्रिकी वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयासाठी योजलेल्या जागेसमोर उभा केला. इथिओपिया १९४१ मध्ये मुक्त झाला. स्तंभ परत करण्याचे इटलीने १९४७ च्या करारात मान्य केले, तरी १९६० मध्ये तो रोममध्येच होता आणि मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यावर धावपटूंना दिसत होता.

आता त्या संध्याकाळचे चित्र पुन्हा पाहा. ज्या देशाच्या सैन्याने अबेबेचा देश व्यापला होता, त्याच देशाचे सैनिक मशाली धरून त्याला वाट दाखवत आहेत, आणि त्याच देशाच्या राजधानीत, आपल्या देशातून आणलेल्या स्तंभापाशी, सम्राटाचा एक अंगरक्षक सर्वांना मागे टाकत आहे. इथिओपियातील लोकांना या विजयाचे एवढे मोल का वाटले, ते यावरून कळेल.

स्तंभाची पुढची हकिकत थोडक्यात अशी : २००५ मध्ये त्याचे तीन तुकडे करून विमानांनी ते इथिओपियाला पोहोचवले गेले आणि २००८ मध्ये तो अक्सुममध्ये पुन्हा उभा राहिला.

प्रश्न : ‘ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा पहिला आफ्रिकी’ असे अबेबेबद्दल म्हणणे बरोबर आहे का? (एक शिक्षक)

तसेच्या तसे बरोबर नाही. १९१२ ची स्टॉकहोमची मॅरेथॉन दक्षिण आफ्रिकेकडून धावलेल्या केन मॅकआर्थरने जिंकली होती. तो आयर्लंडमध्ये जन्मलेला गोरा धावपटू होता. १९२८ मध्ये बुगेरा एल वाफी आणि १९५६ मध्ये आलँ मिमून हे दोघे मॅरेथॉन जिंकले. दोघांचाही जन्म अल्जीरियातला, पण अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात असल्यामुळे त्यांची पदके फ्रान्सच्या खात्यात जमा झाली. म्हणून नेमके बोलायचे तर ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकणारा अबेबे हा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू होय. रोममध्ये दुसऱ्या आलेल्या रादीचे रौप्यपदकही विसरू नये. मोरोक्को स्वतंत्र होऊन चारच वर्षे झाली होती आणि त्या देशाचे हे पहिलेच ऑलिम्पिक पदक होते. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. त्याच वर्षी ऑलिम्पिकच्या सर्वांत लांब धावण्याच्या शर्यतीतील पहिले दोन्ही क्रमांक आफ्रिकेच्या स्वतंत्र देशांनी घेतले.

प्रश्न : अनवाणी धावल्यामुळे वेग वाढतो का? आम्हीही तसा सराव करावा का? आणि उंच प्रदेशात राहण्याचा काय फायदा होतो?

उंचीबद्दल आधी सांगतो, कारण ते उत्तर जास्त पक्के आहे. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो. अदिस अबाबाच्या उंचीवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कमी असतो. ही तूट भरून काढण्यासाठी मूत्रपिंडे एक संप्रेरक जास्त प्रमाणात तयार करतात आणि त्याच्या प्रभावाने हाडांतील मज्जा अधिक तांबड्या पेशी बनवते. प्राणवायू वाहून नेणे हे या पेशींचेच काम. असा माणूस सखल प्रदेशात येऊन धावला की स्नायूंना भरपूर प्राणवायू मिळतो. अर्थात उंच प्रदेशात लक्षावधी लोक राहतात आणि ते सगळे ऑलिम्पिक जिंकत नाहीत; तेव्हा उंचीचा वाटा मान्य करूनही सरावाचा वाटा कमी लेखता येत नाही.

अनवाणी धावण्याचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. पायात बूट नसला की पायावरचे वजन कमी होते, आणि टाच आपटली तर दुखते म्हणून पुष्कळ धावपटू आपोआप पावलाच्या पुढच्या किंवा मधल्या भागावर उतरतात. उलट, चांगल्या बुटांचा तळ आघात झेलतो आणि त्यामुळे स्नायूंचे श्रम वाचतात. यात एकच बाजू कायम जिंकते असे नाही. अबेबेपुरते बोलायचे तर पुरावा त्यानेच देऊन ठेवला आहे : चार वर्षांनी टोकियोमध्ये तो बूट घालून धावला आणि रोमपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पोहोचला. तुम्ही मात्र त्याचे पाहून एकदम अनवाणी धावायला जाऊ नका. त्याच्या तळव्यांना लहानपणापासून ती सवय होती. सवय नसलेल्या पायांना जखमा होतात आणि पोटऱ्यांवर व घोट्यांवर नको इतका ताण येतो.

प्रश्न : रोमनंतर अबेबेचे काय झाले?

पुष्कळ काही झाले, आणि ते सगळे सुखाचे नव्हते. १९६१ मध्ये त्याने ग्रीस, जपान आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांतील मॅरेथॉन जिंकल्या; १९६३ मध्ये बॉस्टनला तो पाचवा आला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या पाच-सहा आठवडे आधी त्याच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. एवढ्या थोड्या अवधीत तो शर्यतीला उभा राहील की नाही, हीच शंका होती. तो उभा राहिला, २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद अशी नवी सर्वोत्तम वेळ नोंदवून जिंकला आणि ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा पहिला धावपटू ठरला. दुसरा आलेला ब्रिटनचा बेसिल हीटली चार मिनिटांहून अधिक मागे होता, आणि गंमत अशी की शर्यतीपूर्वीचा विश्वविक्रम त्याच हीटलीचा होता. बाकीचे धावपटू येईपर्यंत अबेबे मैदानातील हिरवळीवर पाठीवर पडून व्यायाम करत होता आणि प्रेक्षक अचंब्याने पाहत होते. रोमच्या विजयाला अपघात म्हणणाऱ्या कोणाचा काही आक्षेप उरला असेल, तर तो त्या दिवशी मिटला.

१९६८ मध्ये मेक्सिको सिटीत पायाच्या हाडाच्या दुखापतीमुळे त्याला सतराव्या किलोमीटरच्या सुमारास शर्यत सोडावी लागली. ती मॅरेथॉन इथिओपियाच्याच मामो वोल्डेने जिंकली. मार्च १९६९ मध्ये अबेबेच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यानंतर तो पुन्हा चालू शकला नाही. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्याच्यावर अनेक महिने उपचार झाले. अपंग खेळाडूंच्या क्रीडास्पर्धांची परंपरा याच रुग्णालयातून सुरू झाली होती, आणि १९७० मध्ये अबेबेने तेथील स्पर्धेत चाकांच्या खुर्चीवर बसून तिरंदाजीत भाग घेतला. पुढच्या वर्षी तो नॉर्वेत बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतीतही उतरला. २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. अंत्ययात्रेला अदिस अबाबात हजारो लोक लोटले होते आणि सम्राट स्वतः उपस्थित होते.

त्याच्या मागून आलेल्यांची यादी लांबलचक आहे : मिरुत्स यिफ्तर, देरार्तू टुलू, हैले गेब्रसेलासी, फातुमा रोबा, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा. यांतील देरार्तूने १९९२ मध्ये बार्सिलोनाला दहा हजार मीटरची शर्यत जिंकली, तेव्हा ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकी महिला ठरली. तिच्याबद्दल वेगळे सदर लिहावे लागेल. रोमच्या विजयाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, २०१० मध्ये, रोम मॅरेथॉनमध्ये आघाडीवर असलेल्या सिराज गेना या इथिओपियन धावपटूने शेवटचे तीनशे मीटर उरले असताना थांबून बूट काढले आणि अनवाणी धावत शर्यत जिंकली.

प्रश्न : आजच्या धावपटूंसमोर अबेबे टिकला असता का? (इयत्ता नववीतील वाचक)

नुसते आकडे पाहिले तर नाही. २०२३ मध्ये शिकागो येथे केनियाचा केल्व्हिन किपटम २ तास ३५ सेकंदांत धावला. अबेबेची टोकियोमधील वेळ त्याहून साडेअकरा मिनिटांनी जास्त आहे. परंतु आजच्या धावपटूच्या बुटात लवचीक फेस आणि कार्बनची पट्टी असते, बाटलीत मोजून मिसळलेली साखर असते, आणि मोठ्या शहरांच्या शर्यतींत पुढे ठरावीक वेगाने धावणारे सोबतीही असतात. रोममध्ये अबेबेला सोबत होती ती फक्त रादीची. तुलना करायचीच असेल तर ती समकालीनांशी करावी, आणि तेथे टोकियोतला चार मिनिटांचा फरक पुरेसे बोलतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची पुरुषांची मॅरेथॉनही इथिओपियानेच जिंकली. विजेता तमिरत तोला मात्र संघात खरोखरच राखीव होता आणि सहकाऱ्याच्या दुखापतीमुळे त्याला संधी मिळाली. अबेबेबद्दल सांगितली जाणारी ऐनवेळच्या बदलीची गोष्ट ज्यांना आवडत असेल, त्यांनी ती यापुढे तोलाच्या नावाने खुशाल सांगावी.